तोफ, ठोका आणि गोळीचा वेग

संपादकांनी मला चेन्नईतल्या नुंगंबाक्कमला पाठवलं ते ‘मद्रास टाइम’वर लिहायला. मुंबईच्या इतिहासात या वेळेचं एक भांडण नोंदलेलं आहे. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मद्रासची वेळ मुंबईवर लादली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा अर्धा तास पुढे होती. शहराने ती मनापासून स्वीकारली नाही आणि दोनेक वर्षांत सरकारला माघार घ्यावी लागली. ती वेळ इथल्या कॉलेज रोडवरच्या वेधशाळेत ठरत असे. पण माझ्या वहीत दुसराही एक प्रश्न होता, कोल्हापूरच्या एका नेमबाजी प्रशिक्षकांचा: गोळीचा वेग मोजणारा क्लबचा जुना क्रोनोग्राफ अजून चालवावा, की रडारवालं नवं यंत्र घ्यावं? मद्रास टाइम बाजूला राहिला आणि मी या प्रश्नातच अडकलो.

वेधशाळेचा अधिकृत इतिहास थोडक्यात असा. विल्यम पेट्री यांनी १७८६ मध्ये एग्मोरला खाजगी वेधशाळा काढली, ती कंपनी सरकारकडे आली आणि १७९२ मध्ये मायकेल टॉपिंग यांनी नुंगंबाक्कमला नवी इमारत बांधली. १८९९ मध्ये खगोलशास्त्राचं काम कोडाईकनालला गेलं. आज या आवारात हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र आहे. जुन्या दुर्बिणीला आधार देणारा ग्रॅनाइटचा खांब मात्र इथेच जपून ठेवलेला आहे. दहा टनांचा हा दगड का हवा होता, हे त्याच्यासमोर उभं राहिलं की कळतं. पायाच हलत असेल तर वरचं यंत्र कितीही चांगलं असून उपयोग नाही.

टॉपिंगनंतर ही वेधशाळा सांभाळणारा जॉन गोल्डिंगहॅम मला या सगळ्यात जास्त गुंतवून गेला. १८२०-२१ मध्ये त्याने आवाजाचा वेग मोजला. त्यासाठी नवं यंत्र मागवलं नाही. सेंट जॉर्ज किल्ल्यावर आणि सेंट थॉमस माउंटच्या तोफखान्यात पहाटे आणि संध्याकाळी नेमाने तोफ डागली जाई. वेधशाळेतून जाळ दिसला की ठोके मोजायला सुरुवात करायची आणि आवाज कानी आला की थांबायचं. किल्ला होता १३,९३२ फुटांवर, म्हणजे सुमारे सव्वाचार किलोमीटर, आणि माउंट २९,५४७ फुटांवर, म्हणजे नऊ किलोमीटर.

त्याच्या कालमापकाचे ४० सेकंदांत १०० ठोके पडत. म्हणजे एक ठोका ०.४ सेकंदाचा. मोजणारा अर्ध्या ठोक्याने चुकला, तर किल्ल्याच्या तोफेच्या बारा सेकंदांत दीड टक्क्याहून जास्त चूक होते. माउंटच्या सव्वीस सेकंदांत तीच चूक पाऊण टक्क्यावर येते. घड्याळ तेच आणि कानही तोच, फक्त अंतर दुप्पट झालं. प्रशिक्षकांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला इथेच मिळालं.

त्यांच्या क्रोनोग्राफमध्ये दोन प्रकाशसंवेदी डोळे ६० सेंटीमीटर अंतरावर बसवलेले आहेत. पॉइंट टू टूची सामन्यात वापरायची गोळी सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने जाते. दोन डोळ्यांमधलं अंतर कापायला तिला १.८ मिलिसेकंद लागतात. आतलं घड्याळ सेकंदाचा दहालाखावा भाग मोजत असेल, तर त्याची चूक सेकंदाला ०.२ मीटरच्या आत राहते. घड्याळ जुनं झालेलं नाही. पण गोळीची सावली एका डोळ्याने तीन मिलिमीटर आधी किंवा नंतर टिपली, तर वेगात दीड मीटरहून अधिक फरक दिसतो. डोळे १२० सेंटीमीटरवर नेले की हा फरक निम्मा होतो. त्याला खर्च येतो तो एका लांब, न वाकणाऱ्या पट्टीचा.

एवढ्या बारकाईचं कारण लक्ष्यावर दिसतं. ५० मीटर रायफलमध्ये दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं असतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवलं ते याच अंतरावर. अंतिम फेरीत गुणाचा दहावा भागही मोजला जातो आणि तो ०.८ मिलिमीटरचा असतो. वेगात एक टक्का फरक पडला तर गोळी सुमारे अडीच मिलिमीटर वर किंवा खाली लागते, म्हणजे तीन दशांश गुण गेले. म्हणून खेळाडू काडतुसांचे लॉट तपासून घेतात आणि म्हणून क्लबला क्रोनोग्राफ लागतो.

आता अडचणी, आणि त्या कमी नाहीत. उघड्यावर ढग आला की डोळ्यांना दिसणारं आकाश बदलतं आणि आकडे उड्या मारतात. छपराखाली जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, त्यांच्यामुळे खोटे आकडे येतात. यंत्र नळीच्या फार जवळ ठेवलं तर गोळीऐवजी स्फोटाची लाटच मोजली जाते. या तिन्ही बाबतींत रडार सरस आहे. ते गोळीचा काही मीटर पाठलाग करतं आणि त्याला उजेडाशी देणंघेणं नसतं. पण शेजारच्या लेनमधल्या गोळीने ते फसू शकतं, आणि कोणतंही यंत्र घेतलं तरी पाच गोळ्यांवरून काढलेलं विचलन पुढच्या पाचांत दुप्पट निघालं तर नवल नाही. त्यात दारूचा जळण्याचा वेग तापमानाप्रमाणे बदलतो, त्यामुळे सकाळचा लॉट आणि दुपारचा लॉट यांची तुलना मुळातच चुकते.

गोल्डिंगहॅमलाही हवेनेच छळलं. त्याची डिसेंबर-जानेवारीची सरासरी सेकंदाला ११०० फुटांच्या आसपास आली आणि जुलैची ११६० च्या वर. मद्रासच्या तापमानातल्या फरकाने आवाजाचा वेग इतका बदलत नाही. आजच्या हिशोबाने तो पंधरा फुटांच्या आतच बदलायला हवा. उरलेल्या फरकात माझ्या मते वाऱ्याचा हात मोठा आहे. वारा पाठीशी असणं आणि समोरून असणं यात त्याला स्वतःलाच २१ फुटांचा फरक सापडला होता. दहापट बारीक घड्याळ आणलं असतं तरी हा फरक तसाच राहिला असता. त्याचं काम आजही वाचावंसं वाटतं ते त्याने प्रत्येक मोजणीसोबत तापमान, हवेचा दाब, आर्द्रता आणि वारा लिहून ठेवला म्हणून.

तेव्हा प्रशिक्षकांना माझं सांगणं असं. यंदा नवं यंत्र घेऊ नका. डोळ्यांमधलं अंतर दुप्पट करा, पट्टी पोलादी मापाने तपासा, ट्यूब बंद करून स्थिर उजेड लावा आणि प्रत्येक लॉटच्या किमान वीस गोळ्या मोजा. प्रत्येक नोंदीशेजारी तापमान लिहा. एवढं करूनही ढगांच्या दिवशी आकडे भरकटत असतील तर रडार अवश्य घ्या, पण जुना क्रोनोग्राफ विकू नका. पहिला महिनाभर दोन्ही यंत्रांनी एकच गोळी मोजा.