रक्ताचा डाग काय सांगू शकतो

जप्त केलेल्या शर्टावर तपकिरी डाग दिसला, की पंचनाम्यात ‘रक्तासारखा डाग’ असं लिहितात. ते योग्यच आहे. गंज, रंग, पानाची पिंक हे सगळं वाळलं की नजरेला फसवतं. म्हणून प्रयोगशाळेत प्रश्न क्रमाने विचारतात: रक्त आहे का? माणसाचं आहे का? कोणत्या गटाचं? कोणाचं?

मुद्देमाल नीट पोचला तरच हे प्रश्न विचारता येतात. ओला कपडा सावलीत वाळवून कागदी पाकिटात सीलबंद करायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, जिवाणू वाढतात आणि डाग कुजतो.

पहिली चाचणी कास्टल-मेयरची. डागावर टिपकागद घासून त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचं रंगहीन रूप टाकतात, मग हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब. रक्तातल्या हिमोग्लोबिनमुळे काही सेकंदांत गुलाबी रंग उमटतो. पण काही वनस्पतींचे रस आणि धातूंचे क्षारही असा रंग देतात. त्यामुळे रंग आला नाही, तर चाचणीपुरतं रक्त सापडलं नाही एवढं कळतं. रंग आला, तर पुढची चाचणी करायची.

रक्त माणसाचं की जनावराचं, हे 1901 मध्ये जर्मनीत पॉल उलेनहुथ यांनी ओळखून दाखवलं. सशाला मानवी रक्ताचं इंजेक्शन दिलं, की त्याच्या शरीरात मानवी प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. सशाचा तो सीरम डागाच्या अर्कात मिसळल्यावर साका धरला, तर रक्त माणसाचं. त्याच वर्षी र्‍यूगेन बेटावर दोन मुलांचा खून झाला. संशयित सुताराच्या कपड्यांवर उलेनहुथ यांना काही डाग माणसाच्या, तर काही मेंढीच्या रक्ताचे सापडले.

रक्तगटाची चाचणी फार नाजूक असते. डागाचे धागे कापून त्यांवर अँटी-ए, अँटी-बी आणि अँटी-एच सीरम वेगवेगळे घालतात. प्रतिपिंडं आपापल्या प्रतिजनाला चिकटतात. उरलेली थंड सलाइनने धुऊन काढतात. मग धागे गरम केले की चिकटलेली सुटतात. त्यात माहीत असलेल्या गटाच्या लाल पेशी घातल्यावर गुठळ्या झाल्या, की गट कळतो.

इथे मुंबईचा थेट संबंध येतो. 1952 मध्ये डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी इथेच ‘बॉम्बे’ रक्तगटाची नोंद केली. या गटात ए, बी आणि एच यांपैकी एकही प्रतिजन पेशीवर नसतो. अँटी-एच न वापरता तपासलं, तर हे रक्त ‘ओ’ वाटेल. वापरलं आणि तिन्ही चाचण्या कोऱ्या राहिल्या, तरी रक्त कुजलेलंही असू शकतं. म्हणून विश्लेषकाला घाईने निष्कर्ष काढता येत नाही.

एकच गट लाखो लोकांचा असतो. त्यामुळे नीट टिकलेल्या, एकाच माणसाच्या डागाचा गट जुळला नाही, तर ते रक्त त्या व्यक्तीचं नाही असं म्हणता येतं. जुळला, तर फक्त शक्यता उरते. माणसापर्यंत डीएनए नेतो, आणि तोही पांढऱ्या पेशींतून मिळतो, कारण परिपक्व लाल पेशींत केंद्रक नसतं.

अहवालात ‘गट निश्चित करता आला नाही’ असं असेल, तर ते आरोपीच्या विरुद्धही नाही आणि बाजूनेही नाही. डीएनए जुळल्यावरही रक्त कोणाचं एवढंच कळतं. ते त्या शर्टावर कसं आलं, हे तपासाने सिद्ध करावं लागतं.