लिनक्समधील पॅकेज-स्थापना आणि पार्श्वभूमीत चालणाऱ्या स्क्रिप्ट : एक विवेचन

प्रस्तावना :
कोल्हापूरजवळील शिरोली एमआयडीसी ओतकाम उद्योगासाठी ओळखली जाते. फाउंड्रीत तप्त रस साच्यात ओतला म्हणजे काम संपले, असे कोणी मानत नाही. रस थिजून वस्तू साच्याबाहेर आल्यावर व तपासल्यावरच ती पुढे जाते. संगणकावर सॉफ्टवेअर बसविताना मात्र हे भान पुष्कळदा सुटते. प्रस्तुत लेखात लिनक्सवरील पॅकेज-स्थापनेच्या वेळी पार्श्वभूमीत सोडल्या जाणाऱ्या स्क्रिप्टचे स्वरूप, त्यांतील दोष व पर्याय यांचा विचार केला आहे. विवेचनासाठी १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी सुरू केलेल्या डेबियनची पद्धत घेतली आहे; सी-डॅकची 'बॉस' ही भारतीय प्रणालीही डेबियनवरच आधारित आहे.

स्थापनेची प्रक्रिया :
डेबियन पॅकेजमध्ये फायलींबरोबर चार स्क्रिप्ट असू शकतात : स्थापनेपूर्वीची, स्थापनेनंतरची, काढण्यापूर्वीची व काढल्यानंतरची. 'डीपीकेजी' हा प्रोग्राम त्या 'रूट' अधिकाराने चालवितो. स्क्रिप्टने शेवटी शून्य हा संकेतांक दिला तर काम यशस्वी समजले जाते. अन्य अंक आल्यास स्थापना अपुरी राहिल्याची नोंद होते आणि ती पुन्हा पूर्ण करता येते.

पार्श्वभूमीतील कार्याचे दोष :
डेटाबेस उभारण्यासारखे दीर्घ काम पार्श्वभूमीत सोडले, तर मूळ स्क्रिप्ट तत्काळ शून्य देऊन मोकळी होते. पुढे ते काम फसले किंवा संगणक मध्येच बंद झाला, तरी पॅकेजची नोंद 'स्थापित' अशीच राहते. प्रयोगशाळेतील अनेक संगणकांवर एकाच वेळी स्थापना केली असता हा दोष प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशीच उघड होण्याचा संभव असतो.

दुसरा दोष याच्या उलट आहे. पार्श्वभूमीतील प्रक्रियेला मूळ स्क्रिप्टची निर्गम-वाहिनी वारशाने मिळते. 'डेबकॉन्फ' वापरणाऱ्या पॅकेजमध्ये ती वाहिनी उघडी राहिल्यास स्थापना संपतच नाही. येथे 'नोहप' आज्ञाही पुरेशी ठरत नाही. कारण निर्गम टर्मिनलकडे जात असेल तरच ती तो वळविते. तिसरे असे की, स्थापना चालू असताना पॅकेजांच्या नोंदवहीला कुलूप असते. त्यामुळे स्क्रिप्टमधून दुसरे पॅकेज बसविण्याचा प्रयत्न अयशस्वी होतो.

योग्य पर्याय :
१) अल्प काम स्क्रिप्टमध्येच पूर्ण करावे व खरा संकेतांक द्यावा. स्क्रिप्ट पुन्हा चालविली तरी अपाय होऊ नये, अशी तिची रचना असावी.
२) दीर्घ काम 'सिस्टमडी'कडे स्वतंत्र सेवा म्हणून सोपवावे. त्यामुळे यशापयशाची नोंद राहते व काम पुन्हा सुरू करता येते. त्या कामावर अवलंबून असलेल्या सेवांचा क्रमही ठरविता येतो.
३) अनेक पॅकेजांना समान असलेले काम 'ट्रिगर'द्वारे करावे. मदत-पृष्ठांची सूची अशाच रीतीने, प्रत्येक पॅकेजगणिक न करता, एकत्रितपणे अद्ययावत होते.
४) दुसऱ्या पॅकेजची गरज असल्यास ती अवलंबित्व म्हणून आधीच नोंदवावी.

निष्कर्ष :
पार्श्वभूमीत सोडलेले काम वेळ वाचवीत नाही. ते फक्त नजरेआड होते. स्थापना-व्यवस्थेचा सारा विश्वास एका संकेतांकावर आधारलेला असल्याने तो अंक सत्य असणे ही पॅकेजकर्त्याची प्राथमिक जबाबदारी आहे. महाविद्यालयीन अध्यापनातही आज्ञांच्या पाठांतरापेक्षा यशाच्या संदेशाची पडताळणी करण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे अधिक उपयुक्त ठरेल.