स्वातंत्र्याआधीचे वेगळेपण : निजामशाहीतील दख्खनीपणाची घडण

४ जुलै २०२६ ही अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या घोषणेला अडीचशे वर्षे पूर्ण होण्याची तारीख असल्याने एक जुना प्रश्न पुन्हा समोर येणे स्वाभाविक आहे : तेरा वसाहतींतील लोक स्वतंत्र झाल्यावर अमेरिकन झाले, की आधीच अमेरिकन झालेले होते म्हणून स्वतंत्र झाले? जॉन अ‍ॅडम्स यांनी १८१८ मध्ये लिहिलेल्या एका पत्रात दुसऱ्या बाजूने कौल दिला होता. खरी क्रांती युद्धापूर्वीच लोकांच्या मनात घडून गेली होती, असे त्यांचे मत होते. सप्तवार्षिक युद्धात ब्रिटिश अधिकाऱ्यांकडून वसाहतींच्या सैनिकांना मिळालेली दुय्यम वागणूक आणि १७६५ च्या मुद्रांक कायद्याचा जाच यांमुळे स्वतःला इंग्रज समजणाऱ्या माणसांना आपण निराळे आहोत याची जाणीव झाली, हे आता बहुतेक मान्य आहे.

हाच प्रश्न ज्या शहराचे नाव २०२४ मध्ये अधिकृतपणे अहिल्यानगर झाले, त्या शहराच्या निजामशाहीला विचारला, तर उत्तर अधिक गुंतागुंतीचे आणि अधिक मोलाचे मिळते. नामांतराच्या चर्चेत निजामशाही संस्थापकाच्या नावापुरतीच उरली, आणि या भूमीत दीडशे वर्षे जे समाजजीवन घडले त्याकडे मात्र दुर्लक्ष झाले, ही मोठी हानी आहे.

निजामशाही ज्यातून फुटून निघाली त्या बहमनी राज्यात दोन गट होते. पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणेत राहिलेले मुसलमान व स्थानिक धर्मांतरित यांना ‘दख्खनी’ म्हणत, आणि हबशी सरदार बहुधा त्यांच्या बाजूने असत. इराण, तुराण, अरबस्तान येथून नव्याने आलेल्यांना ‘आफाकी’, म्हणजे परदेशी, म्हणत. दरबारातील मोठ्या जागा आफाक्यांना मिळतात, ही दख्खन्यांची तक्रार होती आणि तिच्यातूनच रचलेल्या कटात १४८१ मध्ये वजीर महमूद गवान याचा बळी गेला. त्या कटातील प्रमुख मलिक हसन हा मूळचा पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातील ब्राह्मण होता, असे इतिहासकार फरिश्ता सांगतो. त्याचा मुलगा आणि निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने २८ मे १४९० रोजी भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि पुढे त्याच परिसरात आपले शहर, अहमदनगर, वसवले.

फरिश्त्याची साक्ष येथे विशेष महत्त्वाची आहे, कारण तो स्वतः इराणातील अस्तराबादचा, म्हणजे आफाकी. लहानपणी वडिलांबरोबर नगरला आला, येथेच वाढला आणि निजामशहाच्या चाकरीत राहिला. १५८८-८९ मध्ये दरबारात खुनांची मालिका सुरू झाली, जमालखानाच्या नेतृत्वाखाली दख्खनी गटाने सत्ता घेतली आणि नगरात परदेशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्यांची सरसकट कत्तल झाली. १५८९ मध्ये फरिश्ता विजापूरला निघून गेला आणि तेथे त्याने आपला ग्रंथ लिहिला. ‘आपण इथले’ ही भावना रक्तपातातूनही पोसली जाते, याचा हा पुरावा आहे आणि तो झाकून दख्खनीपणाचा गौरव करणे अप्रामाणिक ठरेल. अमेरिकन वेगळेपणाच्या कथेतूनही गुलामांचे आणि मूळ रहिवाशांचे हाल असेच वगळले जात असत.

तरीही दख्खनीपण केवळ द्वेषावर उभे नव्हते, त्याचा खरा पाया रोजच्या कारभारात होता. महसुलाचे दप्तर देशमुख, देशपांडे आणि कुलकर्णी यांच्या हाती असल्याने सरकारी कागदांवर फारसी मजकुराच्या जोडीला मोडीतील मराठी येऊ लागली. त्या कागदांवरील कालगणना पाहिली, तर हे मिश्रण किती खोल गेले होते ते कळते. शुहूर सन अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिला जाई. १०२५ हा सन ‘खमस अशरीन अलफ’, म्हणजे पाच, वीस, हजार, असा मांडला जाई. परंतु या सनाचे नवे वर्ष मृग नक्षत्रावर सुरू होत असल्यामुळे त्याला मृगसाल असेही म्हणत. अरबी शब्दांत मोजले जाणारे हे वर्ष कुणब्याच्या पेरणीबरोबर सुरू होई आणि मराठी कागदांत ते पेशवाईअखेरपर्यंत टिकले. दरबारातील कोणत्याही घोषणेपेक्षा ही साधी सवय ‘इथलेपण’ अधिक ठामपणे सांगते, असे म्हणता येईल.

मोगलांच्या स्वारीने या सवयींना राजकीय धार आली. १५९५-९६ मध्ये चांदबिबीने शाहजादा मुरादविरुद्ध किल्ला लढवला, पण १६०० मध्ये तिची हत्या झाली आणि किल्ला पडला. राजधानी गेली, सुलतान कैद झाला, तरी राज्य संपले नाही. हबशी देशात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर हा त्या राज्याचा आधार झाला. त्याने परांड्यास नवा निजामशहा गादीवर बसवला, मराठा बारगिरांच्या चपळ तुकड्यांनी मोगलांना जेरीस आणले आणि मलिकंबरी धारा म्हणून ओळखली जाणारी महसूलपद्धती बसवली. १६२४ मध्ये, म्हणजे वर सांगितलेल्या शुहूर सन १०२५ मध्येच, नगरजवळ भातवडीला मोगल आणि विजापूरकर यांच्या एकत्रित फौजा आल्या, तेव्हा त्याने तलावाचे पाणी सोडून शत्रूचा तळ चिखलात अडकवला. या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी कामी आले. जन्माने परका असलेला अंबर दख्खनी राज्याचा सर्वांत खंबीर रक्षक ठरला, या एका गोष्टीने दख्खनीपण रक्तावरून ठरत होते हा समज खोटा पडतो.

१६३३ मध्ये दौलताबाद पडल्यावर शहाजीराजांनी संगमनेरजवळच्या पेमगिरी किल्ल्यावर निजामशाही वंशातील एका बालकाला गादीवर बसवून त्याच्या नावाने कारभार चालवला. १६३६ मध्ये माहुलीला तोही प्रयत्न संपला, पण त्यामागचा विचार संपला नाही. १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी मालोजी घोरपडे यांना लिहिलेल्या पत्रात दक्षिणेची पातशाही दक्षिणींच्याच हाती राहावी, असा आग्रह धरला. त्या पत्रातील विरोध विजापुरात शिरजोर झालेल्या पठाणांना होता आणि सोबतीला गोवळकोंड्याचा कुतुबशहा होता.