लाल हापसा, हिरवा हापसा

बाटलीत थोडं पाणी घ्यायचं, त्यात आम्लाची आणि जस्ताची पूड टाकायची आणि झाकणात कागदाची एक पांढरी पट्टी अडकवून बाटली बंद करायची. पाणी फसफसू लागतं. त्यात आर्सेनिक असेल, तर सुटणाऱ्या हायड्रोजनशी त्याचा संयोग होऊन आर्सिन नावाचा वायू तयार होतो. तो वर चढतो आणि पाऱ्याचं संयुग लावलेली ती पट्टी आधी पिवळी, मग तपकिरी करतो. रंग जितका गडद तितकं विष जास्त. सोमल, म्हणजे आर्सेनिक, घालून केलेले खून न्यायालयात सिद्ध व्हावेत म्हणून जेम्स मार्श या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८३६ साली जी चाचणी बसवली, तिच्या मुळाशीही हीच क्रिया होती.

२००० ते २००३ या काळात बांगलादेशात अशा पट्ट्या घेऊन माणसं गावोगाव फिरली. सुमारे ५० लाख हापसे त्यांनी तपासले. ज्याच्या पाण्यात लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिक निघालं तो हापसा लाल रंगवला, बाकीचे हिरवे. लाल हापशांची संख्या १४ लाखांच्या घरात गेली.

पाणीटंचाई म्हटलं की आपल्याला तळ गाठलेली विहीर आणि टँकरभोवतीच्या घागरी आठवतात. बांगलादेशात पाण्याला तोटा नाही. गंगा आणि ब्रह्मपुत्रा तिथे पद्मा आणि जमुना होऊन वाहतात, मेघनेला मिळतात, पावसाळ्यात मोठा मुलूख पाण्याखाली जातो. तरीही तिथे पिण्यालायक पाण्याची टंचाई आहे, आणि जगातल्या सर्वांत क्रूर टंचायांपैकी ती एक आहे, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. आर्सेनिकला पाण्यात रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळून ते जात नाही, उलट वाफ गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं.

हे हापसे आले ते मुलं वाचवायला. पूर्वी गावं तळ्याचं आणि नदीचं पाणी प्यायची आणि पटकी, हगवण यांनी लहान मुलं दगावायची. १९७०च्या दशकात सरकारने युनिसेफच्या मदतीने कूपनलिका खणण्याचा सपाटा लावला. जमिनीखालचं पाणी मातीतून गाळून येतं, त्यात रोगजंतू नसतात, हा तर्क बरोबरच होता. गाळाची जमीन मऊ, खर्च थोडा. मग लोकांनी स्वतःच्या पैशांनी अंगणात हापसे बसवायला सुरुवात केली. आज बहुसंख्य हापसे असे खासगी आहेत. या मोहिमेची चूक शोधायची तर ती खणण्यात नव्हती. पाण्यात जंतू नाहीत एवढं पाहून ते शुद्ध ठरवलं आणि खडकातून आलेलं काही त्यात विरघळलेलं असेल का, हे कुणी तपासलंच नाही, तिथे ती होती.

हे आर्सेनिक कुठल्या कारखान्याने सोडलेलं नाही. ते हिमालयातून आलं. खडक झिजतात, नद्या तो गाळ वाहून आणतात. गाळाच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचं, म्हणजे गंजाचं, पातळ आवरण असतं आणि आर्सेनिक त्याला घट्ट चिकटून असतं. तिथे असेपर्यंत ते कुणाचं काही बिघडवत नाही. पण गेल्या सुमारे दहा हजार वर्षांत या गाळाबरोबर पानं, मुळं, दलदलीतला कुजका पाचोळाही गाडला गेला. खाली प्राणवायू पोहोचत नाही. तिथले सूक्ष्मजीव हा पाचोळा खातात आणि श्वसनासाठी प्राणवायूऐवजी गंजातलं लोह वापरतात. त्यामुळे गंज विरघळतो आणि त्याला चिकटलेलं आर्सेनिक पाण्यात सुटतं. म्हणूनच यातलं पुष्कळसं पाणी उपसताना नितळ दिसतं आणि भांड्यात ठेवलं की काही वेळाने तांबूस होतं. विरघळलेलं लोह हवेत येऊन पुन्हा गंजू लागलेलं असतं. प्रदेश इतका सपाट आहे की जमिनीखालचं पाणी अतिशय संथ सरकतं, त्यामुळे सुटलेलं आर्सेनिक धुऊन जायलाही वाव मिळत नाही.

अधिक खोल गाळाची गोष्ट वेगळी आहे. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. त्या काळात जुना गाळ हवेत उघडा पडला, पावसाने धुतला गेला, गंजून नारिंगी झाला. त्यातलं पाणी बहुतेक ठिकाणी सुरक्षित असतं. सर्वसाधारणपणे १५० मीटरच्या खाली गेलं की धोका खूप कमी होतो. गरिबाच्या अंगणातला हापसा मात्र तितका खोल जात नाही.

कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला छातीवर पावसाच्या थेंबांसारखे डाग आणि तळहात-तळपायांवर कठीण गाठी असलेले रुग्ण येऊ लागले. काही सीमेपलीकडून आलेले होते. कारण पाण्यात आहे हे त्यांनी ओळखलं. जादवपूर विद्यापीठातले दीपंकर चक्रवर्ती १९८८पासून पश्चिम बंगालच्या गावांतून नमुने गोळा करत राहिले आणि नदीचा गाळ काही सरहद्द ओळखत नाही, पलीकडेही हेच असणार, असं सांगत राहिले. बांगलादेशात अधिकृतपणे आर्सेनिक सापडलं ते १९९३मध्ये, चांपाई नवाबगंज भागात. त्याच्या आदल्याच वर्षी ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने देशाच्या इतर भागांतल्या भूजलाच्या रसायनांचा अहवाल दिला होता, पण त्यात आर्सेनिकची तपासणी नव्हती. पुढे एका गावकऱ्याने इंग्लंडच्या न्यायालयात दाद मागितली. २००६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने दावा फेटाळला, कारण त्या पाणी पिणाऱ्यांप्रति संस्थेचं कायदेशीर कर्तव्य होतं असं न्यायाधीशांना वाटलं नाही. कायद्याच्या चौकटीत ते बसत असेल, पण मला हा निकाल आजही पचत नाही. जे पाणी लोक पितात त्याच्या अहवालावर विश्वास ठेवणारे पहिले तेच असतात.

त्याच संस्थेने बांगलादेश सरकारबरोबर १९९८-९९मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीने मात्र संकटाचा आवाका उघड केला. उथळ हापशांपैकी २७ टक्क्यांत आर्सेनिक ५० मायक्रोग्रॅमच्या वर होतं आणि असं पाणी पिणारे लोक सुमारे साडेतीन कोटी होते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १० मायक्रोग्रॅम आहे. ती धरली तर आकडा ५ कोटी ७० लाखांवर जात होता. बर्कलीचे साथरोगतज्ज्ञ अ‍ॅलन स्मिथ यांनी २००० साली लिहिलं, की इतिहासातली माणसांची ही सर्वांत मोठी विषबाधा आहे, भोपाळ आणि चेर्नोबिलपेक्षाही मोठी.

डाग ही सुरुवात असते. वर्षानुवर्षं पाणी पोटात गेलं की त्वचा, फुप्फुस आणि मूत्राशयाचे कर्करोग, हृदयविकार मागे लागतात. ढाक्याजवळच्या आडाइहाजार भागात कोलंबिया विद्यापीठाच्या आणि स्थानिक संशोधकांनी २०००पासून सुमारे १२ हजार लोकांचा माग ठेवला. त्यांच्यातल्या दर पाच मृत्यूंपैकी साधारण एकाचा संबंध आर्सेनिकशी लागतो, असं त्यांनी २०१०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. शिवाय डागांना महारोग समजून बायकांना माहेरी धाडलं गेलं, मुलींची लग्नं मोडली. हे दुःख कुठल्याच तक्त्यात येत नाही.

याच आडाइहाजारमध्ये आशा वाटावी असंही काही सापडलं. गाळाचे थर इतके लहरी असतात की एका अंगणातला हापसा विषारी आणि हाकेच्या अंतरावरचा स्वच्छ, असं सर्रास आढळतं. लाल हापशाच्या बहुतेक घरांपासून शंभर मीटरच्या आत एखादा हिरवा हापसा होता. म्हणजे पाणी जवळ होतं, ते कोणतं हेच माहीत नव्हतं. हापसे रंगवल्यावर देशभरात लाल हापशांचं पाणी पिणाऱ्यांपैकी सुमारे तीनांतल्या एका माणसाने दुसऱ्याच्या हापशावरून पाणी आणायला सुरुवात केली. यंत्र नाही, औषध नाही, एक रंगाचा डबा आणि बाईची रोजची खेप. या एका उपायाने जितक्या लोकांचा धोका टळला, तितक्यांचा कुठल्याही गाळणीने टळला नाही. पण शेजाऱ्याच्या अंगणात रोज जाणं सोपं नसतं. भांडण झालं, सून नवी असली, परक्या पुरुषांची वर्दळ असली, की पाय पुन्हा लाल हापशाकडे वळतात.

आपल्याकडे, दख्खनच्या काळ्या पाषाणात, आर्सेनिकचा प्रश्न असा नाही. पण १९७२च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने बोअरचा आणि हातपंपाचा आधार धरला, आणि यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या भागांतल्या काही गावांत त्याच पाण्यातून फ्लोराइड पोटात गेलं. पिवळे-तपकिरी दात, पुढे वाकलेली हाडं. गोंदिया-गडचिरोलीच्या सीमेला लागून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागात तर आर्सेनिकच आहे, आणि ते तिथल्या मूळ खडकातून येतं. नवं बोअर लागलं की आपण पाणी किती इंच लागलं ते विचारतो. त्यात काय विरघळलंय हे विचारणारा अजून विरळाच.

बांगलादेशात पुढे काय झालं? खोल कूपनलिका सरकारने दिल्या. पण ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेच्या २०१६च्या अहवालात आढळलं, की त्यांतल्या अनेक राजकारण्यांच्या मर्जीतल्या लोकांच्या दारात बसल्या आणि तेव्हाही सुमारे २ कोटी लोक ५० मायक्रोग्रॅमच्या वरचं पाणी पीत होते. इकडे हापशांवरचा रंग उन्हापावसाने उडाला. जुने हापसे बंद पडून लाखो नवे बसले, आणि त्यांतल्या बहुतेकांचं पाणी कुणी तपासलेलं नव्हतं. एकदा गाजावाजा करून तपासलं आणि थांबलं, ही दुसरी मोठी चूक, आणि ती पहिलीपेक्षा अक्षम्य, कारण या वेळी सगळं ठाऊक होतं.

म्हणून मला सर्वांत मोलाचं वाटतं ते बांगलादेशातल्या मतलब नावाच्या भागातलं काम. तिथे स्वीडनच्या आणि बांगलादेशच्या संशोधकांनी हापसे खणणाऱ्या मिस्त्र्यांबरोबर बसून गाळाच्या रंगांचा तक्ता तयार केला. हे मिस्त्री बांबूच्या परांचीवर बसून उघड्या तळहाताने नळीचं तोंड झाकतात आणि सोडतात. खाली साथीदार नळी वर-खाली करतात आणि प्रत्येक झटक्याला चिखलाचं पाणी उसळून बाहेर पडतं. कोणत्या खोलीवर कोणती वाळू लागली हे त्यांना त्या चिखलावरूनच कळतं. काळी वाळू लागली तर तिथे थांबायचं नाही, तांबडी किंवा मळकट पांढरी लागेपर्यंत खाली जायचं आणि जाळीची नळी तिथे बसवायची, इतका सरळ तो तक्ता आहे. हापसा बसल्यावर पट्टीने पाणी तपासायचंच. पण नळी कुठे थांबवायची हे खणतानाच ठरतं आणि ते मिस्त्री ठरवतो. देशातले बहुतेक हापसे त्याच्याच हातून बसतात, सरकारी योजना असो वा नसो, आणि वाळूचा रंग पाहायला त्याला प्रयोगशाळा लागत नाही.