कळसूबाईच्या डोंगरातील मुंग्या

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या पश्चिमेस कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. १९८६ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ३६२ चौरस किलोमीटर असून राज्यातील सर्वोच्च असे १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर त्यातच येते. अभयारण्य म्हटले की बिबट्या आणि शेकरू डोळ्यांपुढे उभे राहतात. पायाखालच्या मुंगीकडे लक्ष जात नाही. भारतात मात्र मुंग्यांच्या आठशेहून अधिक जातींची नोंद झालेली आहे.

एकाच डोंगरावर या जाती सर्वत्र सारख्या आढळत नाहीत. मुंगीच्या पिलांच्या वाढीस ऊब लागते आणि दर हजार मीटर चढणीस तापमान सुमारे सहा अंशांनी उतरते. म्हणूनच उष्ण कटिबंधातील ओल्या पर्वतांवर अडीच हजार मीटरच्या आसपास मुंग्या अगदी विरळ होतात. आपली कळसूबाई तेवढी उंच नाही. शिखरावरील देवळाशी प्रसादाचा कण सांडला तर त्यास मुंगी लागायचीच! तेव्हा येथे उंचीइतकाच, किंबहुना अधिक, विचार पाऊस, सावली व माती यांचा करावा लागतो.

घाटमाथ्यावरील घाटघर-रतनवाडीचा पाऊस अतोनात. पूर्वेस अकोल्याकडे यावे तसा तो झपाट्याने घटतो. सह्याद्रीच्या ओल्या रानात काही मुंग्या झाडावरच चघळलेल्या लाकडाच्या लगद्याची काळपट घरटी बांधतात व तांबूस सुतारपक्षी त्याच घरट्यात पोखरून आपली अंडी घालतो. कुजत्या पानांच्या थरात कीटकांची शिकार करणाऱ्या मुंग्या राहतात. उघड्या माळावर मात्र गवताचे बी साठविणाऱ्या मुंग्यांचे राज्य असते. पुण्याजवळ अशा मुंग्या भिजलेले बी वारुळाबाहेर आणून उन्हात वाळवितात, हे कर्नल साइक्स यांनी पाहिले व त्याचे वर्णन १८३५ साली प्रसिद्ध केले. आपल्या गृहिणींना यात नवल वाटणार नाही.

रान तुटले वा वणवा लागला की सावलीतल्या जाती प्रथम जातात आणि माळावरच्या जाती त्यांची जागा घेतात. मुंग्यांची संख्या घटलेली दिसत नाही. जाती मात्र घटतात. त्यामुळे मुंग्या पुष्कळ दिसतात, म्हणजे रान शाबूत आहे, असे समजणे फसवे ठरते. भात-नागलीच्या रोपांसाठी राब भाजावा लागतो व त्यास पालापाचोळा लागतो, ही शेतकऱ्याची गरज खरीच आहे. परंतु तो देवराईतून झाडून नेऊ नये, एवढे ग्रामसभेस ठरविता येण्याजोगे आहे.

२००२ च्या जैविक विविधता कायद्यान्वये गावोगावी जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. तीत मुंग्यांस एखादे पान द्यावे. शिक्षकांनी पावसाची उघडीप पाहून देवराई, बांध आणि माळ या तीन ठिकाणी चिमूटभर गूळ व थोडे पीठ ठेवावे. कोणत्या रंगाची, केवढी मुंगी प्रथम आली, ती एकटी आली की रांगेने, हे मुलांकडून लिहवून घ्यावे. नावे ठाऊक नसली तरी अडत नाही. चित्र काढले तरी पुरे. अभयारण्याच्या हद्दीतून मात्र परवानगीवाचून एकही नमुना उचलू नये.