प्रकाशरचना आणि वास्तूचे अंतरंग : गुगेनहाइम वस्तुसंग्रहालयातील एक प्रयोग

ऐतिहासिक वास्तूत आधुनिक प्रकाशरचना उभी राहिली म्हणजे दोन आक्षेप संभवतात. ती निव्वळ सजावट आहे, हा पहिला. आणि ती मूळ वास्तूला झाकून टाकते, हा दुसरा. न्यूयॉर्क येथील गुगेनहाइम वस्तुसंग्रहालयात जेम्स टरेल यांनी २०१३ साली सिद्ध केलेली ‘एटेन रेन’ ही रचना या दोन्ही आक्षेपांच्या परीक्षणास उपयुक्त ठरते.

फ्रँक लॉइड राइट यांनी योजलेली ही वास्तू त्यांच्या निधनानंतर, २१ ऑक्टोबर १९५९ रोजी, खुली झाली. तिच्या मध्यभागी एक उंच पोकळी असून तिच्याभोवती एकच सलग चढण मळसूत्राप्रमाणे फिरत वर जाते. शिरोभागी काचेचे छत आहे. कललेल्या भिंती व उतरती जमीन यांमुळे येथे चित्रांना न्याय मिळणार नाही, असा निषेध एकवीस कलावंतांनी १९५६ सालीच पत्राद्वारे नोंदविला होता. वास्तू श्रेष्ठ की तीत ठेवलेली कलाकृती, हा वाद तिच्या जन्माइतकाच जुना आहे.

टरेल यांनी या पोकळीत काहीही ठेवले नाही. पोकळीलाच त्यांनी कलाकृतीचे रूप दिले. एकावर एक अशी निमुळती होत जाणारी पाच लंबवर्तुळाकार कडी त्यांनी तीत टांगली. कड्यांमधील एलईडी दिवे प्रेक्षकांच्या दृष्टीआड होते. त्यांचा संथपणे पालटणारा रंग शुभ्र पृष्ठांवर पसरे व छतातून येणाऱ्या दिवसाच्या उजेडात मिसळे. प्रेक्षक तळमजल्यावर पहुडून वर पाहत. ठळक कडा व पृष्ठाचा पोत दिसेनासा झाला म्हणजे डोळ्यास अंतराचा अंदाज येत नाही. त्यामुळे रंग भिंतीवर नसून अवकाशात घनरूपाने साठला आहे, असा भास होतो. शिवाय एका रंगास सरावलेली दृष्टी पुढील रंगात त्याच्या पूरक रंगाची छटा पाहते. अर्थात या कलाकृतीचा काही भाग प्रेक्षकाच्या नेत्रातच घडत होता.

प्राचीन इजिप्तमधील सूर्यबिंबाचे नाव धारण करणाऱ्या या रचनेने वास्तूचे एक तत्त्व, म्हणजे वरून उतरणारा प्रकाश व त्याभोवतीची वर्तुळगती, विलक्षण स्पष्ट केले. सजावटीचा आक्षेप येथे टिकत नाही. दुसरा आक्षेप मात्र अंशतः मान्य करावा लागतो. चढणीवरून चालताना पोकळीपलीकडील माणसे व चित्रे एकाच दृष्टिक्षेपात यावीत, हा या वास्तूचा तितकाच महत्त्वाचा गुण. तो त्या काळापुरता लोपला. २५ सप्टेंबर २०१३ रोजी प्रदर्शन संपले व पोकळी पुन्हा मोकळी झाली.

तात्पर्य, अशा रचनेचे मूल्यमापन करताना तिने वास्तूतील काय उघड केले, काय झाकले आणि झाकलेले पुन्हा जसेच्या तसे परत मिळाले काय, हे तिन्ही प्रश्न एकत्रच विचारले पाहिजेत.