मनावरील ताण आणि बोटांचे हलके ठोके

शरीराला थकवा आला म्हणजे तो सहज ध्यानात येतो. मनावरील ताण मात्र पुष्कळदा उशिरा उमगतो. मार्चअखेरीचा हिशेब, शाळेची तपासणी, पूर वा टंचाईच्या काळातील अहोरात्र कामगिरी, ग्रामसभेतील खडाजंगी अशा प्रसंगी छातीत धडधडणे, तोंडाला कोरड पडणे, झोप उडणे व क्षुल्लक कारणावरून चिडणे हे अनुभव अनेकांना येतात. संकटाची चाहूल लागताच मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात मिसळतात. नाडी जलद होते, स्नायू ताठरतात. धोका टळल्यावर हे सर्व पूर्ववत व्हावयास हवे. परंतु चिंता मनात घर करून राहिली की शरीरही सज्जतेच्या स्थितीतच राहते. हा ताण तात्पुरता हलका करण्याचा एक बिनखर्चाचा उपाय म्हणून बोटांच्या अग्रांनी शरीराच्या ठरावीक जागी हलके ठोके देण्याची पद्धत अलीकडे अनेक देशांत परिचित झाली आहे.

पद्धतीचा उगम

या पद्धतीचे मूळ अमेरिकेत आहे. रॉजर कॅलाहन या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या सुमारास पाण्याची तीव्र भीती बाळगणाऱ्या एका महिलेवर उपचार करताना तिला डोळ्याखालील हाडावर ठोके देण्यास सांगितले व तिची भीती ओसरल्याचे नमूद केले. पुढे त्याने निरनिराळ्या तक्रारींसाठी ठोक्यांचे निरनिराळे क्रम बसविले. गॅरी क्रेग याने १९९० नंतरच्या दशकात त्यांच्याऐवजी सर्व प्रसंगी चालणारा एकच सोपा क्रम तयार केला. आज प्रचारात आहे तो मुख्यतः हाच क्रम होय. ठोक्यांच्या जागा चिनी सूचिचिकित्सेतील बिंदूंवरून घेतल्या आहेत.

कृती

प्रथम शांत बसून कोणत्या गोष्टीची चिंता वाटते ते नेमके ठरवावे. ‘सगळेच कठीण आहे’ असे मोघम न म्हणता ‘उद्याच्या ग्रामसभेत प्रश्नांची उत्तरे देता येतील की नाही, याची धास्ती वाटते’ असे स्पष्ट म्हणावे. त्या चिंतेला शून्य ते दहा यांपैकी गुण द्यावेत. शून्य म्हणजे पूर्ण शांतता व दहा म्हणजे असह्य ताण.

नंतर एका हाताच्या करंगळीखालील तळहाताच्या कडेवर दुसऱ्या हाताच्या बोटांनी हलके ठोके देत तीन वेळा म्हणावे : ‘मला या गोष्टीची धास्ती वाटत असली, तरी मी स्वतःचा मनापासून स्वीकार करतो.’

त्यानंतर दोन बोटांनी पुढील जागी क्रमाने प्रत्येकी पाच ते सात ठोके द्यावेत : भुवईचे नाकाकडील टोक, डोळ्याच्या बाहेरील कोपऱ्याचे हाड, डोळ्याखालील हाड, नाक व वरचा ओठ यांमधील जागा, खालचा ओठ व हनुवटी यांमधील खळगा, गळ्याच्या हाडाखालील भाग, काखेखाली सुमारे चार बोटांवरील जागा, आणि शेवटी टाळू. प्रत्येक जागी ‘ग्रामसभेची धास्ती’ यांसारखे छोटे शब्द उच्चारावेत. फेरी पूर्ण होताच दीर्घ श्वास घेऊन पुन्हा गुण द्यावेत. गुण उतरेपर्यंत दोन-तीन फेऱ्या कराव्यात. यास दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. ठोके हलके असावेत. जखम वा सूज असलेली जागा वगळावी.

शास्त्रीय कसोटी

या उपायाचा लाभ होतो काय, आणि होत असल्यास कशामुळे, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८३ व्यक्तींची पाहणी करण्यात आली. ठोक्यांची पद्धत वापरणाऱ्या गटात एका सत्रानंतर लाळेतील कॉर्टिसॉलचे प्रमाण सरासरी सुमारे २४ टक्क्यांनी उतरले. ही घट इतर गटांपेक्षा अधिक होती.

याउलट कॅनडातील ११९ विद्यार्थ्यांच्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाने ठरलेल्या बिंदूंवर, दुसऱ्याने हातावरील भलत्याच जागी व तिसऱ्याने चक्क बाहुलीवर ठोके दिले. तिन्ही गटांतील भीती जवळपास सारखीच कमी झाली. ठोके न देणाऱ्या चौथ्या गटात तसे घडले नाही. यावरून बिंदूंमध्ये काही गूढ शक्ती आहे असे मानण्यास आधार मिळत नाही. चिंतेचे नाव स्पष्टपणे उच्चारणे, लक्ष एका संथ कृतीवर खिळविणे व श्वास लांबविणे, यांतच लाभाचे कारण असण्याचा संभव अधिक आहे. म्हणून एखादी जागा चुकल्यास बिघडत नाही; आणि या नावाखाली कोणी भारी शुल्क मागितल्यास सावध राहावे.

शाळेतील उपयोग

याच्या जवळची एक रीत मुलांसाठी सोयीची आहे. १९९७ च्या पाउलीन चक्रीवादळाने मेक्सिकोतील अकापुल्को शहराची मोठी हानी केली. तेथील मुलांसोबत काम करताना लुसिना आर्तिगास यांनी १९९८ साली ती सुचविली. दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवून तळव्यांनी आळीपाळीने, फुलपाखराच्या पंखांप्रमाणे, हळुवार थोपटावयाचे व श्वास संथ ठेवावयाचा. परीक्षेपूर्वी वर्गात हे दोन मिनिटांत करून घेता येते. मुलाने स्वतःच्याच हातांनी थोपटावे. शिक्षकांनी अंगाला स्पर्श करू नये व दुःखद प्रसंग आठवण्याची सक्तीही करू नये.

मर्यादा ओळखणे अगत्याचे

ठोक्यांनी मन शांत होईल. परंतु थकलेले काम संपणार नाही, बुडालेले पीक परत येणार नाही वा कर्जही फिटणार नाही. मूळ अडचणीवरील उपाय स्वतंत्रपणे करावाच लागतो. संकटग्रस्ताला केवळ मनःशांतीचे धडे देऊन मदतीचा प्रश्न बाजूस सारणे हे लोकसेवकास शोभणारे नाही.

छातीत दुखू लागल्यास ठोक्यांत वेळ न दवडता तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकणे, झोप व भूक हरपणे, व्यसन वाढणे वा जीव देण्याचे बोलणे, ही लक्षणे आढळल्यास प्राथमिक आरोग्य केंद्राशी किंवा जिल्हा रुग्णालयाशी संपर्क साधावा. जीव देण्याची भाषा करणाऱ्यास एकटे सोडू नये. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये शासकीय मानसोपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे.

हा क्रमांक शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळकपणे लिहून ठेवणे प्रत्येक गावास शक्य आहे. साध्या ताणावर बोटांचे ठोके पुरतील. आजारावर मात्र उपचारच हवा. हा भेद गावातील शिक्षक व पंचायत सदस्य यांनी जाणला, तर एखाद्याचा जीव वेळीच वाचू शकेल.